आधी घरच्या ताटात, मग बाजारात

(महिला बचतगटांसाठीच्या रेडिओ कार्यक्रमात नवापूर तालुक्यातील एका गटाच्या सदस्याने केलेलं भाषण)



दुपारची वेळ आहे. तुमच्यापैकी कुणी महू वाळत घातला असेल, कुणी पापडाचं पीठ मळत असेल, कुणी नुकतीच रोजावरून येऊन पाणी पीत असेल. हातातलं काम सोडू नका. काम करता करता ऐका.

आज मला उन्हाळ्यातल्या खाण्याबद्दल बोलायला सांगितलंय. मी म्हटलं, त्यात काय बोलायचं? आपण तर रोज रांधतो. पण विचार करायला बसले तेव्हा चार वर्षांपूर्वीची एक दुपार आठवली. तीच आधी सांगते.

आमच्या शेताच्या बांधावर, नाल्याकडे, दोन आंब्याची झाडं आहेत. गावठी रायवळ आंबा. माझ्या सासऱ्यांच्या वडिलांनी कोय लावली होती असं सासूबाई सांगायच्या. त्या वर्षी माघात झाडं मोहोरानं भरली होती. आमच्या घरधन्याचं पोटाचं दुखणं निघालं, दवाखान्याला पैसे लागले. कैरीचा व्यापारी गावात फिरत होताच. त्यानं झाडं बघितली आणि दोन्ही झाडं उक्ती घेतली, तीन हजार रुपयांत. पैसे हातात घेतले आणि मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?

माझा मुलगा आणि सूनबाई ऊसतोडीला गुजरातेत होते. होळीला येऊन गेले, पुन्हा गेले आणि चैत्रात कायमचे परतले. बरोबर नातू, तेव्हा सहा वर्षांचा. आल्या दिवशी पळत झाडाखाली गेला. खाली पडलेल्या चार कैऱ्या सदऱ्यात घेऊन निघाला, तर राखणीला बसलेल्या पोरानं त्याला थांबवलं. कैऱ्या ठेवून दे म्हणाला. तोही आपल्याच भागातला गरीब पोरगा. त्याची काय चूक? त्याला मालकानं बसवलेलं. नातू रिकाम्या हातानं घरी आला आणि मला म्हणाला, "आजी, ते झाड आपलं नाही का?"

मी गप्प बसले. बायांनो, मला उत्तरच सुचलं नाही.

पुढच्या बाजाराला मी नवापूरला गेले आणि अर्धा किलो कैरी विकत घेतली. घरी दोन झाडं लगडलेली आणि मी पिशवीत कैरी घेऊन एसटीतून येतेय. त्या दिवशी मनात पक्कं केलं, की काहीही होवो, एक झाड घरचं राहील. आज मला हेच सांगायचंय. आपल्या मातीत उन्हाळ्यात जे पिकतं त्यातलं थोडं तरी आधी आपल्या ताटात यावं. उरलेलं खुशाल बाजारात जाऊ द्या.

आता आपला उन्हाळा काय काय देतो ते बघू. फाल्गुन-चैत्रात महू गळतो. चैत्रात कैरी, चारोळीची फळं, टेंभुर्णं. वैशाखात पिकला आंबा आणि करवंदं. पाऊस तोंडावर आला की जांभळं. आपण म्हणतो उन्हाळा म्हणजे कोरडा, शेतात काही नाही, हाताला काम नाही. पण झाडाकडे मान वर करून बघितलं तर याच दिवसांत जंगलाचं आणि बांधाचं ताट भरलेलं असतं.

पहिला महू. महू म्हटलं की लोकांच्या तोंडी पहिलं नाव दारूचं येतं. आपल्या बायकांनी पहाटे अंधारात उठून, वाकून वाकून फुलं वेचायची, आठ दिवस वाळवायची, आणि ती जायची कुठे? भट्टीत. त्या भट्टीचा त्रास पुन्हा आपल्याच घरात. माझ्या सासूबाई मात्र महू खायला ठेवायच्या. ताजी फुलं उकडून द्यायच्या. वाळलेल्या फुलांची पूड ज्वारीच्या पिठात घालून भाकर करायच्या. मला त्याची लाज वाटायची. मी नवीन लग्न होऊन आले होते, चार बुकं शिकलेली, मला वाटायचं हे गरिबाचं खाणं. आता कळतं की दुष्काळात त्याच खाण्यावर या घराची माणसं जगली.

महूचा लाडू सांगते, सोपा आहे. वाळलेली फुलं घ्यायची, आतले केसर काढून टाकायचे. पाण्यानं धुऊन पुन्हा कडक उन्हात वाळवायची. तव्यावर मंद आचेवर परतायची, खमंग वास येईपर्यंत. तेवढेच भाजलेले तीळ किंवा शेंगदाणे घ्यायचे आणि दोन्ही उखळात कुटायचं. गूळ लागत नाही, फुलातच गोडी असते. कुटता कुटता तेल सुटतं आणि लाडू आपोआप वळतो. पोरांना दुपारी एक लाडू आणि पाणी द्या, पाच रुपयांचं पाकीट मागायचं विसरतील. एकदम विसरणार नाहीत, पण आठवड्यातले तीन दिवस विसरले तरी पुष्कळ झालं.

महू वेचताना एक काळजी घ्या. झाडाखालचा पाला साफ करायला आपण आग लावतो. ती आग पुढे जंगलात जाते, लहान रोपं मरतात, चारोळी जळते. त्यापेक्षा खाली झाडून घ्या किंवा जुन्या लुगड्यांचं जोडून मोठं कापड अंथरा. फुलाला माती लागत नाही आणि वेचायलाही कमी वेळ लागतो.

आणि वेचायला घाबरू नका. 2006 च्या वनहक्क कायद्यानं गौण वनउपज गोळा करण्याचा, वापरण्याचा आणि विकण्याचा हक्क आपल्याला दिलाय. महूफुलं गोळा करण्यावर आणि साठवण्यावर राज्यात जुने निर्बंध होते, तेही 2021 साली सरकारनं सैल केले. कुणी अडवलं तर एकटीनं भांडू नका, ग्रामसभेत विषय घ्या.

आता कैरी. नवापूरची तूरडाळ तुम्हाला मी काय सांगू! तिला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, म्हणजे या डाळीचं नाव या मातीशी कायद्यानं जोडलं गेलंय. आणि आपण काय करतो? चांगली डाळ विकतो आणि घरात पातळ पाणी ठेवतो. उन्हाळ्यात भाजी मिळत नाही अशी तक्रार असते ना? मग डाळ शिजवा, त्यात एक कैरी कोयीसकट चिरून टाका, ठेचलेला लसूण आणि नंदुरबारच्या लाल मिरचीची फोडणी द्या. भाताबरोबर खा, भाकरीबरोबर खा. पोरं कोय चोखायला भांडतात. मी चार कोयी वेगवेगळ्या वाटीत वाढते, नाहीतर घरात युद्ध होतं.

पन्ह्याचं प्रमाण असं. दोन मध्यम कैऱ्या उकडा, गर काढा. गर जेवढा तेवढाच गूळ, चमचाभर भाजलेलं जिरं कुटून, आणि चवीला मीठ. सहा-सात पेले पाणी. पाणी उकळून गार केलेलं असू द्या. उन्हातून आलेल्या माणसाला आधी साधं पाणी, मग पन्हं. पण बायांनो, पन्हं हे औषध नव्हे. पोराला जुलाब लागले तर क्षारसंजीवनीचं पाकीट आशाताईंकडून घ्या. कुणाला ऊन लागून अंग तापलं, घाम थांबला, उलट्या झाल्या, बोलणं अडखळायला लागलं तर पन्हं पाजत बसू नका. सावलीत आणा, ओल्या फडक्यानं अंग पुसा आणि 108 ला फोन करून गाडी बोलवा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही ओतायचं नाही.

नागलीचं अंबील तर आता दवाखान्यातही सांगतात. 2023 हे साल जगभर भरडधान्यांचं वर्ष म्हणून साजरं झालं. आपल्या सासवा-आजेसासवांनी ते दरवर्षीच साजरं केलं. शंभर ग्रॅम नागलीत साधारण साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. तेवढ्याच तांदळात त्याच्या विसाव्या हिश्शाइतकंही नसतं. दोन मोठे चमचे नागलीचं पीठ रात्री थोड्या पाण्यात कालवून झाकून ठेवा. सकाळी चार पेले पाणी उकळा, त्यात ते ओता आणि ढवळत राहा, नाहीतर गुठळ्या होतात. शिजून चकाकी आली की उतरवा. गार झालं की ताक, मीठ, ठेचलेला लसूण. शेतावर जाणाऱ्याला बाटलीत भरून द्या.

आपलं नवापूर काही समुद्राकाठी नाही. पण सुरतेकडची रेल्वे आपल्या दारातून जाते. आपलं स्टेशनच अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत, एकाच बाकड्याच्या दोन टोकांना दोन राज्यं. या रस्त्यानं समुद्राचं वाळवण आपल्या बाजारात येतं, सुकट आणि बोंबील. आणि ज्यांची गावं उकाईच्या पाण्याकाठी आहेत त्यांना ताजा मासाही मिळतो. 1972 साली ते धरण पुरं झालं. त्या पाण्यात कितीतरी घरं-शेतं गेली, त्या बायांना विचारा. मासा मिळतो म्हणून ते दुःख फिटत नाही. पण जे हातात आहे ते तरी पोरांच्या पोटात जावं.

सुकट करताना आधी कोरड्या तव्यावर भाजा, सुपात पाखडा म्हणजे कचरा आणि वाळू निघते, मग गरम पाण्यातून पटकन काढा. कांदा, लसूण, मिरची आणि वरून कैरीच्या बारीक फोडी. मूठभर सुकटीत चार माणसांचं कोरड्यास होतं. सुकट विकत घेताना वास घेऊन बघा. ओलसर, पिवळट पडलेली घेऊ नका.

आता माझ्या सूनबाईची गोष्ट. ऊसतोडीवरून आली तेव्हा ती दुसऱ्यांदा गरोदर होती आणि रक्त तपासलं तर आठ भरलं. नर्सताईंनी लोहाच्या गोळ्या दिल्या. ती गोळी घ्यायची आणि लगेच चहा प्यायची. नर्सताई म्हणाल्या, चहानं गोळीतलं लोह अंगाला लागत नाही, गोळीच्या आधी-नंतर तासभर तरी चहा नको, आणि जेवणात आंबट काहीतरी असू द्या. लिंबू महाग होतं. मी म्हटलं, आंबट तर माझ्या झाडावर आहे, पण झाड मी विकून बसलेय! त्या वर्षी मी शेजारणीकडून कैऱ्या मागून आणल्या. गोळ्या चुकवल्या नाहीत, अंगणवाडीत अमृत आहाराचं जेवण मिळायचं ते सोडलं नाही, घरी डाळ-कैरी, सुकट, नागली चालू ठेवली. सगळं मिळून फरक पडला. बाळंतपण सुखरूप झालं. नुसत्या कैरीनं झालं असं मी म्हणणार नाही आणि तुम्हीही कुणाला सांगू नका. गोळी घ्यायचीच, आणि जेवण त्याच्या जोडीला.

पुढच्या वर्षी व्यापारी आला तेव्हा मी एकच झाड दिलं. दुसरं ठेवलं. त्याचा हिशेब तुम्हाला सांगते, कारण तुम्ही विचारणारच.

ठेवलेल्या झाडाच्या कैऱ्या आम्ही खाल्ल्या, शेजारी दिल्या, लोणचं घातलं. उरलेल्या दोन क्विंटलच्या आम्ही सासू-सुनेनं फोडी केल्या. चार दिवस लागले. दहा किलो कैरीमागे वाळून किलोभर आमचूर मिळतो, म्हणजे वीस किलो झाला. पाच किलो घरात ठेवला, पंधरा किलो विकला, एकशे ऐंशीच्या भावानं. सत्तावीसशे रुपये आले. व्यापाऱ्यानं त्या झाडाचे पंधराशे दिले असते. बाराशे जास्त मिळाले. पण दोघींची चार-चार दिवसांची मजुरी धरली तर फायदा उरत नाही, हेही खरंच आहे. एवढंच की त्या दिवसांत दुसरं काम कुणी देत नव्हतं. आणि पोट भरून कैऱ्या खाल्ल्या, वर्षभराची आंबट सोय झाली, ते आम्ही हिशेबात धरलंच नाही.

एका वर्षी तर वादळ झालं. एका रात्रीत घरच्या झाडाची निम्मी कैरी खाली. उक्तं दिलेल्या झाडाचे पैसे मात्र हातात आले होते. म्हणून मी सांगते, सगळं ठेवा असं नाही. घराला पैसाही लागतो. पण सगळं देऊही नका.

आमचूर करणार असाल तर तीन गोष्टी लक्षात ठेवा. सोलायला-चिरायला स्टीलची सुरी वापरा, लोखंडी विळ्यानं फोडी काळ्या पडतात. डांबरी रस्त्यावर किंवा मातीत वाळवू नका, धुतलेल्या कापडावर किंवा खाटेवर वाळवा. संध्याकाळी दव पडायच्या आत घरात घ्या. पांढऱ्या, स्वच्छ फोडीला भाव वेगळा मिळतो. फोड हातानं मोडली की कट्कन आवाज आला पाहिजे. लवली, तर अजून ऊन हवं.

आमच्या गटानं यावरून बैठकीत काही गोष्टी ठरवल्या. तुम्हाला पटल्या तर तुमच्याही बैठकीत घ्या.

पहिली, ज्या घरात दोन किंवा जास्त झाडं आहेत त्या घरानं एक झाड उक्तं द्यायचं नाही.

दुसरी, ज्याच्याकडे एकच झाड आहे आणि पैशाची नड आहे, त्यानं इसार हातात घेण्याआधी बोलून घ्यायचं, की खाली पडलेली कैरी पोरांची आणि दोन पाट्या घरच्या. इसार घेतल्यावर बोलून उपयोग नसतो. आधी बोललं तर बहुतेक व्यापारी ऐकतात. दोन पाट्यांनी त्यांचं काही जात नाही.

तिसरी गोष्ट आमच्या गटातल्या एका बाईनं सुचवली. तिच्याकडे शेत नाही, झाड नाही. ती म्हणाली, "तुमची झाडं, तुमच्या पाट्या. माझ्या पोरांचं काय?" सगळ्या गप्प झाल्या. मग ठरलं, की आमचूर करायच्या दिवशी ज्या बाया हात लावायला येतील त्यांना फोडीतला वाटा द्यायचा, रोख नव्हे, मालच. आणि झाड कुणाचंही असो, घरच्या झाडाखालची कैरी कुठल्याही पोराला उचलू द्यायची. पहिल्या वर्षी दोघींनी कुरकुर केली. अजूनही एक करते. चालायचंच.

आखाजी आली की लेकी माहेरी येतात. आमच्याकडे घागर भरेपर्यंत पिकला आंबा तोंडात घालत नाहीत. लहानपणी मला हा नियम जाच वाटायचा. आता वाटतं, त्यानं कोवळ्या फळाला झाडावर थांबायला वेळ मिळायचा. त्या दिवशी आंबे बादलीत भिजवून सगळ्यांनी अंगणात बसून चोखायचे. रायवळ आंबा कापून खायचा नसतोच. कोपरापर्यंत ओघळ आला पाहिजे. शहरातल्या माझ्या भाचीनं ताटली आणि चमचा मागितला तेव्हा सासूबाई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. ती त्यांची शेवटची आखाजी.

आंबा खाऊन झाला की कोय उकिरड्यावर टाकू नका. जुनी झाडं लाकडासाठी तुटताहेत, हे आपण बघतोय. पाऊस पडला की बांधावर कोय लावा, भोवती काटे लावा, दोन उन्हाळे पाणी घाला. माझ्या नातवानं तीन लावल्या. एक शेळीनं खाल्ली, एक उगवलीच नाही. एक त्याच्या कमरेएवढी झालीय. तिला आंबा यायला अजून बरीच वर्षं आहेत, तोवर मी असेन नसेन. पण त्यानं राखण आत्तापासूनच सुरू केलीय.

मैत्रिणींनो, माघात व्यापारी पुन्हा येईल. त्याच्याशी भांडण नाही, तोही धंदाच करतो. पण तो येण्याआधी घरात बसून ठरवा, कुठलं झाड द्यायचं आणि कुठलं ठेवायचं. घरच्या पुरुषांना विचारा, पण ठरवताना तुम्हीही बसा. कारण उन्हाळ्यात ताटात काय नाही, हे आधी रांधणारीलाच कळतं.

तुमच्या गावात उन्हाळ्याचं काय काय करतात ते गटाच्या वहीत लिहून रेडिओकडे पाठवा. माझ्याकडे महूची भाकर आहे, तुमच्याकडे आणखी काही असेल. ते मलाही शिकायचंय.

बराच वेळ घेतला तुमचा. चुली पेटवायची वेळ झाली. राम राम.